‘निरंक’ लिहिण्याआधी एकदा दार ठोठवा

मंडळी, सरकारी कागदावर एक शब्द फार सोयीचा असतो. तो म्हणजे ‘निरंक’. काही नसलं की निरंक, शोधलंच नाही तरी निरंक, आणि सापडलं पण लिहायची पंचाईत वाटली तरी निरंकच. अंगणवाडीच्या सर्वेक्षण नोंदवहीत प्रत्येक कुटुंबाची माहिती भरताना घरात कोणी अपंग आहे का, हेही लिहायचं असतं. आता मोबाईलवरच्या पोषण ट्रॅकरमध्येसुद्धा दिव्यांग बालकाची नोंद करण्याची सोय आहे. तुमच्या गावची वही एकदा उघडून पाहा. त्या रकान्यात काय सापडेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आज या पानावर खत, बियाणं, पाणी, कर्ज यांपैकी काही नाही. आज लिहायचं आहे ते तीन ते सहा वर्षांच्या अशा पोरांविषयी, जी गावात आहेत पण अंगणवाडीत नाहीत. सकाळी इतर मुलं डबा घेऊन निघतात, तेव्हा ही आतल्या खोलीत किंवा पडवीत गोधडीवर असतात. त्यांच्या वाटणीची खिचडी कधी घरी येते, कधी येत नाही. गाणं, गोष्ट, खेळ, चार पोरांची संगत हे तर नाहीच.

आधी हिशेब पाहू

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंग व्यक्तींची संख्या २९ लाख ६३ हजारांवर होती. देशात ती २ कोटी ६८ लाख होती, म्हणजे शंभरामागे दोनांहून थोडी जास्त. त्याच जनगणनेत देशभरातली शून्य ते सहा वयाची अपंग मुलं २० लाख ४२ हजार निघाली, म्हणजे शंभरामागे साधारण सव्वा. २०२१ ला व्हायची जनगणना त्या वर्षी झाली नाही, त्यामुळे आजही याच आकड्यांवर भागवावं लागतं. वय वाढेल तसं अपंगत्व वाढतं हे खरं, पण लहानपणी ते ओळखलंच जात नाही, हेही तितकंच खरं.

आता हा सव्वा टक्का आपल्या गावाला लावून बघा. एका अंगणवाडीच्या हद्दीत शून्य ते सहा वयाची ऐंशी मुलं धरली, तर त्यात एक मूल येतं. म्हणजे एखाद्या अंगणवाडीचा रकाना निरंक असला, तर त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. पण एका पर्यवेक्षिकेकडे पंचवीस अंगणवाड्या असतील, तर तिच्या हद्दीत दोन हजार मुलं झाली आणि त्यांत पंचवीस तरी अशी असायला हवीत. सगळ्या पंचवीस अंगणवाड्यांचा रकाना निरंक येत असेल, तर तिथे अपंग मूल नाही असा त्याचा अर्थ होत नाही. तिथे कोणी शोधलं नाही, एवढाच होतो.

शहराजवळ असूनही दूर

कोणी म्हणेल, खेड्यात दवाखाना लांब, डॉक्टर नाही, म्हणून असं होतं; मुंबईला तसं नसेल. चला, मुंबईच पाहू. १ ऑक्टोबर १९९० ला बृहन्मुंबईचे दोन जिल्हे झाले आणि मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा निघाला. अंधेरी, बोरिवली, कुर्ला हे त्याचे तीन तालुके, त्यात घाटकोपर आणि मुलुंडही आलं. या जिल्ह्याला जिल्हा परिषद नाही. पण इथे खेडं नाही असं मात्र नाही. गोराई-मनोरीला बोरिवली किंवा मार्व्याहून जायचं तर आजही होडीने खाडी ओलांडावी लागते, नाहीतर भाईंदरवरून लांबचा वळसा. १९४९ साली उभ्या राहिलेल्या आरे दूध वसाहतीत आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वारली मंडळींचे पाडे आहेत. पावसाळ्यात तिथे भात होतो, भाजीपाला होतो.

याच जिल्ह्यात वांद्र्याला श्रवणदोष असलेल्यांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. अली यावर जंग यांच्या नावाची ही संस्था १९८३ साली सुरू झाली. शहरात हाजी अलीला हात-पाय आणि हालचालींच्या दोषांवर उपचार करणारी केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. गावाकडून घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या पाव्हण्याकडे उतरून मुलाला ‘मुंबईच्या डॉक्टरला’ दाखवून आणणारी कितीतरी कुटुंबं तुमच्या माहितीत असतील.

पण समजा, आरेतल्या एका पाड्यावर तीन वर्षांची मुलगी आहे. तिचे पाय ताठ आहेत, चालता येत नाही. तिला व्यायामासाठी आठवड्याला एकदा न्यायचं. आईने तिला कडेवर घेऊन मुख्य रस्त्यापर्यंत चालायचं, मग बस, मग गाडीची गर्दी, मग रांग. दिवस जातो आणि त्या दिवसाचा रोजही जातो. दोन-तीन खेपा होतात आणि मग खेपा थांबतात. दवाखाना नकाशावर दहा-पंधरा किलोमीटरवर असला, तरी त्या आईच्या लेखी तो एका बुडालेल्या मजुरीइतका लांब असतो. खाडीपलीकडच्या मनोरीला तेच, आणि जव्हार-मोखाड्याला तर त्याहून कठीण. म्हणून जे काही रोजच्या रोज करता येण्यासारखं आहे, ते घराजवळच झालं पाहिजे. घराजवळ सरकारची एकच जागा आहे, ती म्हणजे अंगणवाडी.

अंगण कुणासाठी होतं?

अंगणवाडी ही कल्पना आपल्याच भागातली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा मुलांना दोष न देता या बायांनी बालवाडीच पाड्यावर, लोकांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. मूल येत नसेल तर बालवाडीने मुलाकडे जायचं, असा तो साधा हिशेब होता. पाड्यावरच्या मुलासाठी जे अंगणात आलं, ते चालता न येणाऱ्या मुलासाठी उंबऱ्यापर्यंत का जाऊ नये?

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली. त्यातलं एक ठिकाण होतं मुंबईतली धारावी आणि एक मेळघाटातलं धारणी. आज महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. पण या योजनेत अपंग मुलांचं काय झालं, हा प्रश्न बराच काळ कोणी विचारला नाही. तो मुंबईतच विचारला गेला. मिठू अलूर यांच्या मुलीला, मालिनी चिबला, जन्मतः मेंदूचा पक्षाघात होता. तिच्यासारख्या मुलांसाठी त्यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सुरू केली. आज ती ‘अ‍ॅडॅप्ट’ या नावाने ओळखली जाते. पुढे त्यांनी अंगणवाडी योजनेचाच अभ्यास केला. योजना सर्व गरीब मुलांसाठी म्हणवते, पण अपंग मूल तिच्यातून वगळलं जातं, असं त्यांना आढळलं. ही मुलं धोरणाला दिसतच नाहीत, असा त्या अभ्यासाचा सूर होता. नंतर संस्थेने धारावीच्या वस्तीत लहान मुलांच्या वर्गांत अपंग आणि इतर मुलं एकत्र बसवण्याचं काम केलं. आणि मालिनी? ती बोटाने टंकलेखन करत शिकली, लंडनला जाऊन उच्च शिक्षण घेतलं, स्वतःचं आत्मचरित्र लिहिलं. प्रत्येक मूल एवढं शिकेलच असं नाही. पण कोणतं मूल किती शिकेल, हे तीन वर्षांच्या वयात ठरवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

उशीर झाला की फुटवे कमी

शेतकरी बंधूंनो, राबातलं भाताचं रोप वेळेत लावलं नाही, ते तिथेच जून झालं, की नंतर कितीही खत घाला, फुटवे कमीच निघतात. मुलाचंही तसंच आहे. पहिल्या पाच-सहा वर्षांत मेंदू झपाट्याने वाढतो. ऐकू न येणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षा-दोन वर्षांत यंत्र मिळालं आणि त्याच्याशी सतत बोलत राहिलं, तर ते बोलायला शिकू शकतं. तेच मूल सहा-सात वर्षांचं झाल्यावर यंत्र लावलं, तर आवाज कानावर पडतो पण भाषा येणं अवघड जातं. आत वळलेलं पाऊल जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत प्लास्टर घालून सरळ करता येतं, नंतर तेच काम कठीण होतं.

म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं ‘याचा बापपण उशिराच बोलला होता’ हे म्हणणं ऐकून घ्यावं, पण त्यावर थांबू नये. पुढच्या खुणा ध्यानात ठेवा. चार महिने झाले तरी मान धरत नाही. नऊ-दहा महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही. दीड वर्ष झालं तरी चालत नाही किंवा एकही शब्द बोलत नाही. दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नाही. मागून टाळी वाजवली तर वळत नाही, नावाने हाक मारली तर बघत नाही, नजरेला नजर देत नाही. आधी येत असलेलं बोलणं किंवा चालणं मागे पडलं. यातली एखादी खूण दिसली म्हणजे मूल अपंगच आहे असं नाही, पण वाट न पाहता दाखवायला मात्र हवं.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिणं भाग आहे. ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून ओठ दुभंगला, मागच्या जन्मीचं पाप म्हणून मूल असं निपजलं, असलं काही नसतं. या बोलण्याने मूल सुधारत नाही. आई तेवढी खचते आणि पोराला लपवते. मग नोंद कुठून होणार?

कायदा काय म्हणतो

दिव्यांग हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, नव्यात एकवीस आहेत. वर्षातून किमान एकदा सर्व मुलांची तपासणी करून धोका असलेली मुलं शोधावीत, असं हा कायदा शासनाला आणि स्थानिक संस्थांनाही सांगतो. स्थानिक संस्था म्हणजे ग्रामपंचायतही आली.

तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची देशपातळीवरची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरलाच झाली होती. या कार्यक्रमाच्या पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो. पथकाने प्रत्येक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं असतं. जन्मजात दोष, आजार, पोषणातील कमतरता आणि वाढीतला उशीर या चारही गोष्टी त्याने पाहायच्या आणि पुढच्या उपचारासाठी पाठवायचं. पण पथक तपासतं ते अंगणवाडीत हजर असलेलं मूल. जे घरातल्या गोधडीवर आहे, ते पथकाला दिसणार कसं? म्हणून पथक येण्याच्या दिवशी त्या मुलाला उचलून आणणं, हे अर्धं काम झालं.

२८ नोव्हेंबर २०२३ ला केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धतीच जाहीर केली. तिचे तीन टप्पे आहेत. पहिला, खुणा लवकर ओळखणं. दुसरा, मुलाला अंगणवाडीच्या आणि गावाच्या कार्यक्रमांत सामील करणं आणि घरच्यांना बळ देणं. तिसरा, आशा, परिचारिका आणि तपासणी पथकामार्फत पुढच्या उपचाराला पाठवणं. तेव्हा ‘आमच्याकडे असं मूल घेता येत नाही’ हे उत्तर आता कोणाला देता येणार नाही.

सेविकाताईंची अडचण

पण न्याय दोन्ही बाजूंनी हवा. अंगणवाडी सेविका मानधनावर काम करते. आहार, वजन, उंची, लसीकरण, गृहभेटी, मोबाईलवरच्या नोंदी, सर्वेक्षणं आणि वर निवडणुकीची कामं. उपनगरातल्या झोपडपट्टीत तर एका लहानशा भाड्याच्या खोलीत पंचवीस-तीस मुलं. अशात चालता न येणारं मूल घ्यायचं तर ‘ते पडलं तर जबाबदार कोण?’ हा तिचा प्रश्न खोटा नाही. तिला प्रशिक्षण द्यायचं नाही, मदतनिसाची जागा रिकामी ठेवायची आणि वरून समावेशाचं परिपत्रक पाठवायचं, हा काही न्याय झाला नाही.

तरीही पुष्कळ गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. बसता न येणाऱ्या मुलासाठी गावचा सुतार एका दिवसात कोपऱ्याची खुर्ची करून देईल. दोन फळ्या काटकोनात, बसायला पाट, पुढे आडवी पट्टी. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पुढे बसवायचं आणि त्याच्याकडे तोंड करून बोलायचं. हातवाऱ्यांची गाणी सगळ्यांनाच शिकवायची. कमी दिसणाऱ्याला उजेडाच्या बाजूला जागा द्यायची, वस्तू रोज एकाच ठिकाणी ठेवायच्या. चावता न येणाऱ्या मुलाची खिचडी मऊ कालवायची आणि त्याला बसवूनच घास द्यायचा; आडवं ठेवून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. फीट येणाऱ्या मुलाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करायच्या, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही आणि फीट पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठायचा. संपूर्ण वेळ जमत नसेल, तर पहिले काही आठवडे आईने सोबत बसून तासभराने सुरुवात करायची.

एक सावधगिरीही सांगायला हवी. मूल आणून कोपऱ्यात बसवलं आणि हजेरी लावली, याला सामावून घेणं म्हणत नाहीत. गाण्यात त्याची पाळी यावी, खेळात त्याला गडी मिळावा. अंगणवाडी उपचारांची जागा घेत नाही. काही मुलांना दवाखान्याची, काहींना विशेष शिक्षकाची गरज लागणारच. पण दवाखान्यात शिकवलेला व्यायाम रोज करायला आणि चार पोरांत वाढायला जागा हीच.

आता तुमचं काम

सरपंच, उपसरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले ग्रामसेवक, यांना आमचं सांगणं असं की, ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. वर्षअखेरीला घाईने वस्तू वाटून ती संपवण्यापेक्षा तिच्यातून अंगणवाडीला उतार, धरायला कठडा, मुलाला बसता येईल असं शौचालय आणि ती कोपऱ्याची खुर्ची करा. पुढच्या ग्रामसभेत एकच प्रश्न मांडा : आपल्या गावात सहा वर्षांखालची अशी मुलं किती, आणि त्यांतली अंगणवाडीत किती? दोन्ही आकडे कार्यवाहीत लिहून घ्या.

पालकांनो, तुम्ही मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून घ्या, पुढे सवलतींसाठी तेच लागतं. मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं, त्याची चौकशी करा. आणि मुलाला लपवू नका. गावाला सवय व्हायची तर आधी मूल गावाला दिसलं पाहिजे.

शेजारपाजारच्या मंडळींनाही थोडं सांगणं आहे. आपल्याकडे माणसाचं व्यंग हेच त्याचं नाव करून टाकायची खोड आहे. लंगड्या, मुका, येडी अशी नावं तीन वर्षांच्या लेकराला चिकटतात ती मरेपर्यंत सुटत नाहीत. त्याला आई-बापांनी ठेवलेलं एक नाव असतं. त्याच नावाने हाक मारा. तुमची पोरं तुमचंच पाहून हाक मारतील.

सेविकाताई, या महिन्याचा अहवाल भरताना त्या रकान्यापाशी जरा थांबा. गावात असं एक तरी घर तुम्हांला माहीत असेल, ज्याचं दार सकाळी नेहमी लोटलेलं असतं. आधी त्या घरी जाऊन या. मुलाचं नाव विचारा, त्याला काय आवडतं ते विचारा, आणि उद्या थोडा वेळ घेऊन या म्हणून आईला सांगा. मग रकाना भरा.